खांबावरचा माणूस

उंचावर गेलेल्या माणसांविषयी मला लहानपणापासून आदर आहे. मात्र हा आदर शिडी लावून वर गेलेल्यांपुरताच आहे. वशिला लावून वर गेलेल्यांना मी त्यातून वगळले आहे. देवळाच्या कळसाला रंग देणारा रंगारी, चिंचेच्या शेंड्यावर बसून चिंचा झोडपणारी पोरे, पावसाळ्याच्या तोंडाशी घरावर चढून कवेलू नीट बसवणारा म्हातारा, यांच्याकडे मी रस्त्यात उभा राहून तोंड वासून पाहत राहतो. कारण उघड आहे. दिवाळीचा आकाशकंदील टांगायला मी स्टुलावर चढलो की आमची सौभाग्यवती स्टूल धरते, मुलगी मला धरते, आणि मी देवाचे नाव धरतो.

या सगळ्या उंच मंडळींत माझ्या मनाने पहिल्या पंगतीचा मान ज्याला दिला आहे तो म्हणजे विजेच्या खांबावर चढणारा लाइनमन. मी शाळामास्तर आहे, आणि उरल्या वेळात कादंबऱ्या लिहितो. माझ्या नायकांनी प्रेमभंग सोसले, सावकाराशी वैर घेतले, एकाने तर भर पुरात वैनगंगेत उडी टाकली. पण रात्री दीड वाजता, भिजलेल्या अंगाने, दुसऱ्याच्या घरातला पंखा फिरावा म्हणून खांबावर चढणारा नायक काही मला सुचला नाही. आणि सुचला असता तरी ‘हे खरे वाटत नाही’ असे पत्र एखाद्या वाचकाने खास पाठवले असते.

या माणसाला म्हणावे काय, हाच आधी एक प्रश्न आहे. मी मराठी शिकवतो, त्यामुळे माझे लक्ष पहिल्याने नावाकडे जाते. आय.टी.आय.मध्ये तारांच्या कामाच्या अभ्यासक्रमाला ‘तारतंत्री’ असे नाव आहे. हा शब्द घडवणाऱ्याच्या मनात तंत्र असेल. माझ्या कानाला मात्र त्यात वीणेची तंत्री ऐकू येते, आणि सरकारी शब्दकोशात चुकून काव्य शिरल्याचा आनंद होतो. महावितरण कंपनी आपल्या लाइनमनला ‘जनमित्र’ म्हणते, आणि ट्रान्सफॉर्मरला कागदोपत्री ‘रोहित्र’ म्हणतात. आमच्या पवनी तालुक्यात रोहित्राला ‘डीपी’ म्हणतात आणि जनमित्राला ‘लाइटवाला’. १९६० साली स्थापन झालेल्या महाराष्ट्र राज्य विद्युत मंडळाचे २००५ साली विभाजन झाले, वीज तयार करणारी, वाहून नेणारी आणि घरोघर पोचवणारी अशा निरनिराळ्या कंपन्या झाल्या. पण आमचा शेतकरी अजूनही ‘एमएसईबीचा माणूस आला’ असेच म्हणतो. वीज गेलेली असली म्हणजे तो आणखीही काही नावे घेतो. ती दिवाळी अंकात छापण्याजोगी नाहीत.

आणि वीज येते तेव्हा? आमच्या झाडीपट्टीत भाऊबीजेपासून गावोगाव मंडई भरते. दिवसा बाजार, जिलेबी, दंडार. रात्री नाटक, तेही उजाडेपर्यंत. एका वर्षी नाटकाच्या दुसऱ्या अंकात, खलनायकाने सुरा उगारलेला असताना वीज गेली. अर्धा-पाऊण तास दोन हजार माणसे अंधारात बसून होती. मग एकदम उजेड पडला. ‘आली! आली!’ असा एकच गलका झाला, खलनायकाने सुरा होता तिथून पुढे चालवला, आणि मंडपामागच्या खांबावरून एक माणूस हळूहळू खाली उतरत होता, त्याच्याकडे कुणाचे लक्षही गेले नाही. माझे गेले, ते मी मागे चहाच्या टपरीवर होतो म्हणून. आमच्याकडे बैलाला पोळा आहे, नागाला पंचमी आहे. लाइनमनला काही नव्हते, तर हल्ली ४ मार्चला ‘लाइनमन दिवस’ पाळू लागले आहेत. चांगले झाले. पण ती तारीख आमच्या गावात बहुधा लाइनमनलाच ठाऊक असते.

तारा दोन तऱ्हेच्या असतात. एक, मोठ्या मनोऱ्यांवरच्या. तिरोडा १९९९ पर्यंत आमच्या भंडारा जिल्ह्यात होता, आता तो गोंदिया जिल्ह्यात आहे. तिथे ३३०० मेगावॉटचे औष्णिक केंद्र उभे आहे, आणि तिथून ७६५ किलोव्होल्टच्या तारा नागपूरजवळच्या कोराडीकडे आणि तिथून पुढे अकोल्याकडे धावत गेल्या आहेत. त्या मनोऱ्यांवर मुंगीएवढी दिसणारी माणसे पाहिली की माझ्या तळपायाला घाम सुटतो. यांच्यातले काही जण चालू तारेवर, वीज वाहत असताना काम करतात. अंगात धातूच्या धाग्यांनी विणलेला पोशाख घालतात. वीज त्या पोशाखाच्या बाहेरून जाते, आत माणूस सुखरूप राहतो. १८३६ साली मायकेल फॅरडे लंडनमध्ये धातूने मढवलेल्या खोलीत स्वतः जाऊन बसला आणि बाहेर विजेने कितीही थैमान घातले तरी आत झळ लागत नाही हे त्याने दाखवून दिले, त्याचेच हे पुढचे पाऊल. या कामाचे शिक्षण देणारे केंद्र बेंगळुरूला आहे. चीनमध्ये तर समुद्राच्या खाडीवरून तारा नेण्यासाठी ३८० मीटर उंचीचे मनोरे बांधले आहेत. ही सगळी मंडळी थोरच. पण त्यांचा थोरपणा दुरून दिसतो, त्यांची छायाचित्रे निघतात.

मला सांगायचे आहे ते दुसऱ्या तारांविषयी, ११ किलोव्होल्टच्या. त्या उपकेंद्रातून निघून धानाच्या बांध्यांवरून, तळ्याच्या पाळीवरून, पळसाच्या रानातून गावच्या डीपीपर्यंत येतात. त्यांचे सिमेंटचे खांब आठ-नऊ मीटरचे, त्यातला सहावा भाग जमिनीत गाडलेला. म्हणजे उंची ती काय, दोन मजली घराएवढी. इथे मरण यायला फार उंच जावे लागत नाही, आणि वीजही फार लागत नाही. माझे स्वतःचे शिक्षण मॅट्रिकपाशी थांबले. तेव्हा विजेविषयी जे सांगतो ते लाइनमनच्याच शाळेत शिकलेले आहे, एवढे लक्षात घ्यावे. पूर्वी घरोघर झोपताना ‘झिरोचा बल्ब’ लावत. नाव झिरो, पण तो बारा-पंधरा वॉट वीज खाई. त्या मिणमिणत्या दिव्यातून जेवढा प्रवाह वाहतो तेवढा छातीतून गेला, तर हृदयाची लय बिघडून धडधाकट माणूस दगावू शकतो. आमची वीज गेली म्हणून आम्ही ज्याला शिव्या घालतो, तो या हिशोबाच्या शेजारी बसून पक्कड चालवत असतो.

ऑगस्ट २०२० च्या अखेरीस वैनगंगेला महापूर आला तो आठवत असेल. भंडारा शहरात पाणी शिरले, काठची गावे वेढली गेली. पाण्यात बुडालेल्या वस्तीची वीज आधी बंद करावी लागते. नाही तर पुरातून वाचलेला माणूस तारेने जातो. पण त्याच तारेवर पुढची कोरडी गावेही असतात, आणि त्यांच्या नळाच्या पाण्याचे पंप, दवाखाने, पिठाच्या गिरण्या सगळे बंद पडते. म्हणून बुडालेल्या वस्तीकडे जाणारा फाटा खांबावरच तोडून वेगळा काढावा लागतो. त्या दिवशी मी पाळीवर उभा होतो. ढिवरांचा एक डोंगा पाण्यातून खांबाकडे निघाला होता. दोन ढिवर वल्ही मारत होते आणि मधे कमरेला पट्टा बांधून एक पोरगा उकिडवा बसला होता. डोंगा खांबाला लागला, ढिवरांनी खांबाला मिठी मारून तो धरून ठेवला, आणि पोरगा डोंग्यातून सरळ खांबावर चढला. खाली गढूळ पाणी गरगरत होते. वरून त्याने फाटा तोडला, उतरला, डोंग्यात बसला, आणि काठाशी आल्यावर मला पाहून म्हणाला, “गुरुजी, तुमी?” 

माझा विद्यार्थी! हा वर्गात शेवटच्या बाकावर बसे. विभक्तीचे प्रत्यय त्याला अखेरपर्यंत आले नाहीत; चतुर्थी म्हटली की तो गणपतीचीच समजे. पुढे त्याने आय.टी.आय. केले आणि कुणा कंत्राटदाराकडे लाइनमनच्या कामाला लागला. कंत्राटी म्हणजे काम पक्के, नोकरी कच्ची. यावर लिहायचे तर दुसरा लेख होईल, आणि तो सणासुदीला कुणी वाचणार नाही. एवढेच म्हणतो की खांब चढणाऱ्याच्या पायाखालची जमीन तरी निदान घट्ट असावी.

गेल्या वर्षी, मृग लागायच्या सुमारास, त्याची आई माझ्याकडे आली. नवरा नाही; विड्या वळून तिने हा पोरगा वाढवला. तेंदूपत्त्याने बोटांची टोके काळवंडलेली. शेजारच्या तालुक्यात एक तरुण लाइनमन खांबावरच गेल्याची बातमी तिच्या कानावर आली होती. ती ओसरीवर टेकली आणि कितीतरी वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली,

“गुरुजी, तुमी सांगा जी त्याले. तुमचा आयकते थो. मले रातीले झोप नाई लागत. फोन वाजला का जीव उडते.”

“काय सांगू ताई?”

“सोड म्हनावं हे काम. दुकान टाक म्हनावं. हमाली कर म्हनावं. जमिनीवरचं काईबी कर.”

मास्तराच्या शब्दाला अजून कुणाच्या घरी एवढी किंमत आहे हे पाहून मला बरे वाटले, आणि लगेच त्या शब्दाचे ओझेही वाटले. पोराने माझे ऐकून काम सोडले आणि पुढे दुकान चालले नाही तर? आणि मी काही बोललो नाही, आणि एखाद्या रात्री तो फोन खरेच वाजला तर? “त्याच्याशी बोलतो,” एवढेच मी कबूल केले.

चार दिवसांनी संध्याकाळी पहिला पाऊस झाला आणि वीज गेली. ही दर वर्षीची गोष्ट आहे. तारा खांबाला थेट बांधलेल्या नसतात, चिनी मातीच्या इन्सुलेटरवर टेकलेल्या असतात. वैशाखभर ती माती उन्हात तापते. तापलेल्या अंगावर पहिला पाऊस पडला की तिला बारीक तडे जातात, तड्यात पाणी शिरते आणि वीज खांबावाटे जमिनीत उतरू लागते. उपकेंद्रातली यंत्रणा ते ओळखून सबंध लाइन बंद पाडते. लोकांना वाटते, दोन थेंब पडले की यांना वीज घालवायला निमित्तच हवे असते. निमित्त असते हे खरे. पण ते कुठल्या खांबावर आहे हे दहा-बारा किलोमीटरच्या अंधारात शोधायचे असते.

मी त्याच्याकडे गेलो तेव्हा तो निघण्याच्या तयारीत होता. “बोलायचं हाये? मंग बसा गाडीवर. बोलत बोलत जाऊ.” दुसऱ्या गाडीवर त्याचा जोडीदार होता, निवृत्तीला टेकलेला, ज्याला सारे ‘दादा’ म्हणत.

फॉल्ट शोधायची त्यांची रीत मला मोठी गमतीची वाटली. लाइनच्या अध्यावर एक स्विच असतो. तो उघडून लाइनचे दोन तुकडे केले आणि उपकेंद्राला फोन करून पहिला तुकडा चालू करून पाहायला सांगितले. तो टिकला. म्हणजे दोष पुढच्या तुकड्यात. मग त्याचेही दोन भाग. अशी अर्ध्याची पाव करीत करीत उरलेल्या तीस-चाळीस खांबांखालून पायी निघायचे, बॅटरीचा झोत वर टाकत. वर बघून चालायचे आणि पायाखाली बांधीचे निसरडे धुरे; धुऱ्यावर पहिल्या पावसाला बाहेर पडलेले साप. मी दोनदा बांधीत बसलो, म्हणजे घसरून. दादा म्हणाले, “मास्तर, तुमी रस्त्यानं चला.” पण मीही हट्टाला पेटलो होतो.

एका खांबावर इन्सुलेटरच्या अंगावर काळा ओरखडा दिसला. “हाच हाये,” दादा म्हणाले. मला वाटले, आता पोरगा चढणार. तो चढला नाही. त्याने फोन काढला.

पुढची दहा मिनिटे मी जे ऐकले त्यासाठीच खरे तर हा लेख लिहितो आहे. पलीकडे उपकेंद्रात बसलेला ऑपरेटर होता. पोराने आपले नाव सांगितले, लाइनचे नाव सांगितले, कुठल्या खांबावर काम आहे, किती माणसे आहेत ते सांगितले. पलीकडच्याने ते सगळे शब्दन्‌शब्द परत म्हणून दाखवले. मग त्याने लाइन बंद केली, ती पुन्हा कुणी चालू करू नये म्हणून कुलूप घातले, वहीत नोंद केली आणि परमिटचा नंबर सांगितला. तो याने परत म्हणून दाखवला. पाढे घोकणारी पोरे एक म्हणतो, दुसरा त्याच्यामागून म्हणतो, तसे चालले होते. विभक्तीचे प्रत्यय ज्याला येत नव्हते त्याच्या तोंडून एक अक्षर इकडचे तिकडे होत नव्हते.

तरीही तो चढला नाही. मोटारसायकलीवरून आणलेली लांब काठी काढली. तिच्या वायरीचे एक टोक आधी जमिनीत ठोकलेल्या सळईला जोडले, आणि मग काठीचा आकडा एकेका तारेला लावला. आधी जमीन, मग तार. काढताना आधी तार, मग जमीन. हा क्रम उलटा झाला तर काठी धरणाराच जमिनीचे काम करतो. आता चुकून कुठून वीज आलीच तर ती या वायरीने जमिनीत जाईल. “कुठून येणार?” मी विचारले. “परमिट तर घेतलेस.”

“मंडईवाले जनरेटर लावतेत, गुरुजी. घरचा मेन स्विच नाई पाडला का ती लाइट उलटी तारेत जाते. डीपीत शिरली का दोनशे तीसची अकरा हजार होऊन निंगते. कोनी रानडुकरासाठी तार टाकून ठेवते. कोनी आकडा टाकते. आपल्याले काय मालूम, कोन कुठं काय करून बसला हाये?”

रानडुकरासाठी तार टाकणे हा आमच्या भागातला जुना रोग आहे. त्या तारेने डुकरे मरतात, वाघ मरतात. उमरेड-पवनी-कऱ्हांडल्याच्या प्रसिद्ध ‘जय’ वाघाचा छावा श्रीनिवास २०१७ साली नागभीडकडे अशाच प्रवाहाने मेला. तारेला कोण आले ते कळत नाही.

मग तो चढला. पट्टा खांबाभोवती फिरवून अडकवला, ओढून पाहिला, पुन्हा ओढून पाहिला. डोक्यावरच्या दिव्याचा गोल त्याच्या दोन हातांपुरता होता. बाकीचा मुलगा अंधारात होता. वीसेक मिनिटांत त्याने फुटलेला इन्सुलेटर काढून नवा बसवला. खाली आल्यावर मी विचारले, “भीती नाही वाटत?”

“उंचीचं भेव नाई जी. थे सवयीनं जाते. भेव येकच. तार मेली हाये का जिती, थे डोळ्याले नाई दिसत. दोनी सारख्याच दिसतेत.”

हे वाक्य मी घरी येऊन वहीत लिहून ठेवले. १९५३ साली तेनसिंग आणि हिलरी एव्हरेस्टवर गेले तेव्हा ते एका दोराने एकमेकांना बांधलेले होते. एकाचा पाय निसटला तर दुसऱ्याला तो हिसका कळणार होता. या पोराचाही एक दोर आहे. पण त्याचे दुसरे टोक दहा किलोमीटरवर, खुर्चीत बसलेल्या एका माणसाच्या हातात आहे. तो त्याला दिसत नाही, आणि दोरही दिसत नाही. ‘लाइन बंद आहे’ एवढे तीन शब्द, त्यांवर तो आपला देह तारेला लावतो. आपण बँकेतल्या माणसावर इतका विश्वास ठेवत नाही. मी तर छापखान्यावरही ठेवत नाही, प्रत्येक मुद्रिते स्वतः तपासतो. काहींना लाइनमनचे धाडस म्हणजे बेफिकिरी वाटते. मी पाहिले ते अगदी उलटे होते. इतका शंकेखोर माणूस मी दुसरा पाहिला नाही. आणि सगळ्या शंका फेडून झाल्यावर अखेर त्याला एका आवाजावर भरवसा टाकावाच लागतो. खांब चढण्याचे धैर्य मला कळू शकते. हे दुसरे मात्र मला माझ्या कुठल्याही नायकाला देता आलेले नाही.

परत निघताना काठी काढून झाली होती, माणसे मोजून झाली होती, ‘परमिट रिटर्न’ म्हणून झाले होते. दूरवर गावाचे दिवे लागले. पोराने हात पुसत विचारले, “मायनं धाडलं नं तुमाले?”

“हो.”

तो जरा वेळ गप्प राहिला. “सोडून देतो म्हना मी. माझ्या जागी मंग कोन चढल? कोनाचा तरी पोरगाच नं?”

दादांनी गाडीला किक मारली. मी जे सांगायला आलो होतो ते सांगितले नाही.

दुसऱ्या दिवशी आई उत्तर ऐकायला आली. मी तिला पाहिलेले सगळे सांगितले. फोन, नंबर, कुलूप, काठी, आधी जमीन मग तार, दोनदा ओढून पाहिलेला पट्टा. मुलाने खांबावर काय केले ते तिने ऐकून घेतले. पण एका जागी ती थांबली.

“थो फोनवरचा मानूस कोन हाये जी?”

“ऑपरेटर. उपकेंद्रात असतो.”

“त्याचं नाव काय?”

मला ठाऊक नव्हते.

“रातभर येकटाच असते? झोप येत असल त्याले. जेवते का नाई येळेवर?” आणि थोड्या वेळाने, “लेकरंबाळं असतील नं त्याले?”

बस्स, एवढेच तिने विचारले. काम सोडण्याचा विषय तिने पुन्हा काढला नाही. तिची भीती गेली असे मी म्हणणार नाही. अशी भीती जात नसते. पण इतके दिवस ती अंधारात कशालाही भीत होती, आता तिला एक माणूस सापडला होता.

दिवाळी आली. हलके धान कापून बांध्यांत पडले होते, आणि घराघरांत माळा लुकलुकू लागल्या होत्या. लक्ष्मीपूजनाच्या संध्याकाळी ती एक स्टीलचा डबा घेऊन दारात उभी राहिली. पोरगा ड्यूटीवर होता. “गुरुजी, तुमच्या गाडीनं जरा नेऊन देता का? तिकडं, फोनवाल्याले.”

उपकेंद्र गावाबाहेर आहे. तारेचे कुंपण, आत खडी पसरलेले आवार, त्यात गुणगुणणारी मोठी रोहित्रे, आणि एका बाजूला एकच खोली. खोलीत टेबल, फोन, भिंतीवर घड्याळ आणि एक जाड वही. ऑपरेटर पस्तिशीचा असेल, वर्ध्याकडचा. त्याच्या दोन मुली तिकडे आजीपाशी होत्या. दिवाळीला सुटी नव्हती. उलट दिवाळीत सगळे गाव दिवे लावते म्हणून त्याने जागेवर असायला हवे. मी डबा पुढे केला. त्याने झाकण उघडले; वर चकल्या, खाली करंज्या, कागदात गुंडाळलेले अनारसे.

“कोणी पाठवलं, सर?”

मी त्या मुलाचे नाव सांगितले. “त्याच्या आईने.”

तो डब्याकडे बघत राहिला. “मी त्यांना ओळखत नाही.”

“त्याही तुम्हाला ओळखत नाहीत.”

त्याने हात धुतले, एक करंजी उचलली, तेवढ्यात फोन वाजला. कुठल्याशा वस्तीकडे भार वाढून तारेचा जोड जळला होता. पलीकडचा आवाज मला ओळखू आला. ऑपरेटरने करंजी झाकणावर ठेवली, वही ओढली, आणि दोघांचे ते पाढे सुरू झाले. नाव, लाइन, खांब, माणसे किती. तो उठून बाहेर गेला, लाइन बंद करून कुलूप घालून आला, नंबर सांगितला, तो पलीकडून परत ऐकला, आणि घड्याळाकडे पाहून वहीत वेळ लिहिली: ८.१०.

फोन ठेवल्यावर मला वाटले, आता तो खाईल. त्याने डबा टेबलाच्या कडेला सरकवला आणि फोनसमोर खुर्ची घेऊन बसला. मीही बसलो. लांब गावात फटाके वाजत होते. एका बाजूची वस्ती काळोखात होती. आम्ही फारसे बोललो नाही. मधे एकदा त्याने उठून कुलूप ओढून पाहिले.

आठ वाजून बावन्न मिनिटांनी फोन आला. सगळे खाली, काठी काढली, परमिट रिटर्न. त्याने ते परत म्हणून दाखवले, लिहून घेतले, बाहेर जाऊन लाइन चालू केली. तिकडे काळोखात होते ते दिवे लागले. मग परत येऊन त्याने करंजी खाल्ली.